शत्रूच्या पेट्या

विज्ञानाला सरहद्दी नसतात, हे वाक्य परिषदांच्या उद्घाटनप्रसंगी इतक्या वेळा उच्चारले जाते की, त्याची कसोटी केव्हा लागते याचाच विसर पडतो. शांततेच्या काळात ती लागत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केल्यानंतर युरोपातील अनेक विज्ञानसंस्थांनी रशियन संस्थांशी असलेले संबंध तोडले. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेनेही रशियाबरोबरचा सहकार्याचा करार नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस संपू दिला. हे उचित झाले की अनुचित, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलता येईल. आम्हाला या निमित्ताने आठवण होते ती सर जोसेफ बँक्स यांची. इंग्लंड आणि फ्रान्स एकमेकांच्या जिवावर उठले असताना हे गृहस्थ लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते आणि १७७८ पासून १८२० पर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्यांनी ते पद सोडले नाही.

बँक्स यांचा जन्म १७४३ साली लंडनमध्ये झाला. लिंकनशायरात घराण्याची मोठी जमीनजायदाद होती. ईटनच्या शाळेत ग्रीक-लॅटिनपेक्षा कुंपणाकडेची रानफुले त्यांना अधिक आवडू लागली. पुढे ऑक्सफर्डला गेले, तर तेथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, पण ते शिकवीत नव्हते! तेव्हा या विद्यार्थ्याने केंब्रिजहून इस्रायल लायन्स नावाच्या तरुण विद्वानाला स्वखर्चाने आणवून व्याख्याने करविली. वडील १७६१ मध्येच वारले होते; वयात येताच संपत्ती हाती आली. त्यांच्या पंक्तीचे तरुण अशा वेळी पॅरिस-रोमची वारी करीत. बँक्स १७६६ साली न्यूफाउंडलंड आणि लाब्रादोरच्या थंड किनाऱ्यावर वनस्पती गोळा करायला गेले. त्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले.

त्या काळी युरोपातील सर्व ज्योतिर्विदांचे लक्ष एका घटनेकडे लागले होते. शुक्राचा ठिपका सूर्यबिंबावरून सरकत जातो, ते अधिक्रमण १७६१ आणि १७६९ या दोन वर्षी व्हायचे होते. पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून त्याच्या वेळा अचूक टिपल्या, तर त्यांतील फरकावरून सूर्याचे अंतर काढता येते. हे काम एका देशाच्या एका वेधशाळेला कधीच साधणारे नव्हते. म्हणून सप्तवार्षिक युद्ध चालू असतानाही निरनिराळ्या देशांचे निरीक्षक जगभर पांगले. ल जाँतिल हा फ्रेंच ज्योतिषी पाँडिचेरीला निघाला होता; परंतु ते ठाणे इंग्रजांनी घेतल्याने त्याला १७६१ चे अधिक्रमण हेलकावणाऱ्या जहाजावरूनच पाहावे लागले. बिचारा आठ वर्षे पूर्वेकडेच राहिला आणि १७६९ मध्ये पाँडिचेरीत दुर्बीण रोखून बसला, तो नेमके त्या वेळी आभाळ भरून आले.

१७६९ च्या निरीक्षणासाठी रॉयल सोसायटीने राजा तिसरा जॉर्ज यांच्याकडे अर्ज केला आणि राजाने ४००० पौंड मंजूर केले. आरमाराने 'एन्डेव्हर' हे जहाज आणि जेम्स कुक हा कप्तान दिला. सोसायटीने शिफारस करावी, राज्याने पैसा पुरवावा, हा आजच्या अनुदानपद्धतीचा एक प्रारंभच म्हटला पाहिजे. बँक्स आपल्या खर्चाने या जहाजावर चढले. सोबत लिनियसचा शिष्य डॅनियल सोलँडर, चित्रकार, लेखनिक आणि नोकर मिळून आठ माणसे होती. ताहितीत अधिक्रमण पाहून झाले. मग न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा, बटाव्हिया असे करीत जहाज जुलै १७७१ मध्ये परतले. बँक्स यांच्या नऊ जणांपैकी चारच घरी पोचले. थॉमस रिचमंड आणि जॉर्ज डॉर्ल्टन हे दोन कृष्णवर्णी नोकर दक्षिण अमेरिकेच्या टोकाला बर्फात गारठून मेले. जहाजावर वनस्पतींची चित्रे काढणारा सिडनी पार्किन्सन परतीच्या वाटेवर आजाराने गेला. कीर्ती मात्र धन्याच्या वाट्याला आली, आणि ती कुकपेक्षाही अधिक आली.

पुढे बँक्स यांनी स्वतः फारसे लिहिले नाही. त्या सफरीतील वनस्पतींच्या ७४३ ताम्रपट्ट्या कोरवून घेतल्या आणि तशाच ठेवल्या. त्या रंगीत स्वरूपात पूर्णपणे छापल्या गेल्या १९८० ते १९९० या दशकात. त्यांचे खरे कार्य लंडनच्या सोहो चौकातील घरात चाले. तेथील ग्रंथालय आणि वनस्पतिसंग्रह कोणत्याही देशाच्या अभ्यासकाला खुले असत. कोणाला मोहिमेवर धाडावे, कोणासाठी राजाकडे शब्द टाकावा, हे तिथल्या न्याहारीच्या बैठकीत ठरे. विल्यम हर्शेल हा जर्मनीतून आलेला वादक. त्याने १७८१ मध्ये युरेनस शोधला. त्याला सालिना २०० पौंडांची नेमणूक मिळावी आणि चाळीस फुटी दुर्बिणीसाठी राजाकडून ४००० पौंड मिळावेत, यामागे बँक्स यांची खटपट होती. आजच्या समित्या आणि अर्जांचे गठ्ठे पाहता ही पद्धत सोपी वाटते. पण ज्याला सोहो चौकाचे दार उघडत नसे, त्याने काय करावे, याला तिच्यात उत्तर नव्हते. १७८४ मध्ये सोसायटीतील गणितज्ञांनी याच कारणाने अध्यक्षांविरुद्ध बंड केले. ते बंड बँक्स यांनी मोडून काढले.

युद्धांचा प्रश्न त्यांच्यासमोर आरंभापासूनच होता. मार्च १७७९ मध्ये, अमेरिका इंग्लंडशी लढत असताना, पॅरिसमधून बेंजामिन फ्रँकलिन यांनी अमेरिकन जहाजांना कळविले की, कुकचे जहाज भेटल्यास त्याला अडवू नये. कुक त्याआधीच हवाई बेटांत मारला गेला होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. रॉयल सोसायटीने कुकच्या स्मरणार्थ पदक पाडले, तेव्हा एक सुवर्णपदक बँक्स यांनी फ्रँकलिन यांना आवर्जून पाठविले. १७८३ साली फ्रान्सच्या कासिनीने ग्रेनिच आणि पॅरिस या वेधशाळा त्रिकोणांच्या साखळीने जोडण्याची सूचना केली. तीही बँक्स यांच्याकडेच आली. राजाच्या पैशाने जनरल रॉय यांनी १७८४ मध्ये मोजणीची पायारेषा आखली आणि १७८७ मध्ये खाडीच्या दोन्ही काठांवरून वेध घेतले गेले. त्याच पद्धतीने विल्यम लँब्टन यांनी १८०२ पासून मद्रासकडून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली आणि ती करता करताच १८२३ मध्ये वर्धेजवळच्या हिंगणघाटात देह ठेवला.

आता त्या पेट्यांविषयी. लाबियार्दियेर हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ १७९१ मध्ये आंत्रकास्तो यांच्या मोहिमेबरोबर दक्षिण समुद्रात गेले होते. इकडे फ्रान्समध्ये राजा मारला गेला, मोहिमेत फूट पडली, जावा बेटात सारा संग्रह जप्त झाला आणि अखेर इंग्रजांच्या हाती लागून इंग्लंडात आला. परागंदा फ्रेंच राजाने तो आपला म्हणून सांगितला आणि त्यातला वाटा इंग्लंडच्या राणीला देऊ केला. ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींवर स्वतः काम करणाऱ्या बँक्स यांच्या दृष्टीने हे आयते घबाड होते. त्यांनी सरकारचे मन वळवून १७९६ मध्ये सारा संग्रह लाबियार्दियेर यांना परत केला आणि त्यातले एक पानही स्वतःसाठी ठेवले नाही. संग्रह परत करण्याचे असे प्रसंग दहा वेळा घडले, असे क्युव्हिए यांनी बँक्स यांच्या मृत्यूनंतर पॅरिसच्या अकादमीत सांगितले.

प्रत्येक वेळी यश आले असे नाही. भूशास्त्रज्ञ डोलोमिए मेसिनाच्या तुरुंगात खितपत पडले असता बँक्स यांनी नेल्सनपर्यंत रदबदली केली. सुटका झाली ती १८०१ च्या तहाने. उलट, त्यांनीच पुढे आणलेले मॅथ्यू फ्लिंडर्स १८०३ मध्ये मॉरिशसला फ्रेंचांच्या कैदेत पडले. पॅरिसच्या विद्वानांनी शब्द टाकला, १८०६ मध्ये नेपोलियनची संमतीही मिळाली. तरी तेथल्या गव्हर्नराने त्यांना १८१० पर्यंत सोडले नाही. फ्रेंच इन्स्टिट्यूटने बँक्स यांना परदेशी सदस्य निवडले आणि त्यांनी आभाराचे पत्र लिहिले, तर इंग्लंडातील वर्तमानपत्रांनी त्यांना देशद्रोही ठरविण्यापर्यंत मजल मारली. हा आरोप करणारे त्यांना ओळखत नव्हते. बँक्स यांच्याइतका राजनिष्ठ आणि साम्राज्यनिष्ठ इंग्रज शोधून सापडला नसता.

आणि येथेच आमचा हात थोडा थबकतो. श्रावणात आपल्याकडे तव्यावर ज्याची कापे खरपूस भाजली जातात, त्या नीरफणसाची रोपे ताहितीहून वेस्ट इंडीजला न्यावीत, या योजनेचे सूत्रधार बँक्सच होते. पहिली मोहीम 'बाउंटी' जहाजावरील १७८९ च्या बंडाने बुडाली, दुसरी १७९३ मध्ये तडीस गेली. हेतू काय, तर उसाच्या मळ्यांतील गुलामांना स्वस्तात पोटभर खायला घालावे. कैद्यांची वसाहत ऑस्ट्रेलियात करावी, हे १७७९ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे सांगणारेही तेच. त्या वसाहतीशी लढलेला आदिवासी पुढारी पेमुलवाय १८०२ मध्ये मारला गेला, तेव्हा गव्हर्नराने त्याचे मस्तक नमुना म्हणून बँक्स यांना धाडले. कंपनी सरकारने हिंदुस्थानात चहा लावावा, हा सल्ला १७८८ मध्ये त्यांनीच दिला, आणि रॉक्सबर्ग यांचा कोरोमंडलच्या वनस्पतींवरील मोठा ग्रंथही त्यांच्याच देखरेखीखाली निघाला. त्यातील चित्रे मात्र हिंदी चितारी काढीत होते. शत्रूच्या पेट्या परत करणारा हा माणूस ज्यांना शत्रूचाही मान मिळाला नाही, त्यांच्याबाबत कधी अडखळला नाही. सहकार्य होते ते बरोबरीच्यांचे.

बरोबरीच्यांतही ते पुढे टिकले नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये विज्ञान अकादमींनी आंतरराष्ट्रीय संशोधन मंडळ स्थापले आणि जर्मनी व तिच्या साथीदारांना दाराबाहेर ठेवले. ती बंदी १९२६ मध्ये उठली आणि १९३१ मध्ये मंडळाची नवी रचना झाली. गोमंतकाचा या इतिहासाशी संबंध येतो तो इथून. त्याच नव्या परिषदेच्या सागरसमितीने आखलेल्या हिंदी महासागर मोहिमेत १९५९ ते १९६५ या काळात, शीतयुद्धाच्या ऐन भरात, रशियाचे 'वित्याझ' आणि अमेरिकेचे 'अँटन ब्रून' ही जहाजे एकाच सागराचे पाणी मोजीत होती. तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिचे मुख्यालय आज आपल्या दोनापावलला आहे.

बँक्स यांची अखेरची वर्षे संधिवाताने चाकांच्या खुर्चीत गेली. हेका मात्र सुटला नाही. जानेवारी १८२० मध्ये ज्योतिर्विदांनी स्वतंत्र संस्था काढली, तेव्हा रॉयल सोसायटीचे तुकडे पडतील म्हणून त्यांनी तिला कसून विरोध केला आणि नियोजित अध्यक्ष असलेल्या ड्यूक ऑफ सॉमरसेट यांना माघार घ्यायला लावली. १९ जून १८२० रोजी बँक्स वारले. मूलबाळ नव्हते, स्मारक उभारू नये, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती. त्या नव्या संस्थेचे अध्यक्षपद पुढल्या वर्षी स्वीकारले ते विल्यम हर्शेल यांनी.