कमानीवर टांगलेली रुग्णगाडी

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच सैन्यात एक नियम होता. जखमींना नेणाऱ्या गाड्या लढाईच्या जागेपासून एक लीग, म्हणजे चार-साडेचार किलोमीटर मागे ठेवायच्या आणि तोफा थंडावल्यावरच पुढे आणायच्या. गाड्या कसल्या, अवजड लाकडी खटारेच ते. वाटेत रसद आणि सामानाच्या गाड्यांची गर्दी झाली की तिथेच अडकून पडत. जखमी माणसाला मदत मिळायला २४ ते ३६ तास लागत. तोवर अनेकांनी प्राण सोडलेला असे. उरलेल्यांना खटाऱ्यात घालून खाचखळग्यांतून नेले जाई आणि त्यातले काही वाटेत जात.

ही गोष्ट ज्याच्या मनाला लागली, तो २६ वर्षांचा शल्यचिकित्सक १७९२ मध्ये ऱ्हाइनकाठच्या फौजेत दाखल झाला होता. त्याचे नाव दोमिनिक ज्याँ लारे. पुढे नेपोलियनच्या सैन्याचा मुख्य शल्यचिकित्सक म्हणून त्यांचे नाव युरोपभर झाले. वैद्यकाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख येतो तो बहुधा जलद अवयवच्छेदनासाठी. त्यांनी बनवलेल्या गाडीची मात्र ओझरती दखल घेतली जाते. खरे तर त्यांची शस्त्रक्रिया आणि त्यांची गाडी या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

लारे यांचा जन्म ८ जुलै १७६६ चा, पिरेनीज पर्वतातल्या बोदेआँ या खेड्यातला. वडील चांभारकाम करीत. ते लवकर वारले आणि मुलगा तुलूझला काकांकडे आला. काका शल्यचिकित्सक होते, त्यांच्या हाताखाली शिक्षण झाले. १७८७ मध्ये नौदलात नोकरी मिळाली आणि न्यूफाउंडलंडला जाणाऱ्या जहाजावर नेमणूक झाली. तिथे त्यांना समुद्र इतका लागला, की ही नोकरी त्यांनी फार दिवस केली नाही. परत येऊन पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात देसो या नामवंत शल्यचिकित्सकाकडे ते काम शिकले. मग क्रांती झाली आणि पाठोपाठ युद्ध आले.

ऱ्हाइनच्या आघाडीवर त्यांच्या डोळ्यांत भरला तो घोड्यांचा तोफखाना. हलक्या तोफा जोडलेले हे पथक भरधाव पुढे जाई, मारा करी आणि शत्रू जवळ येण्याआत जागा बदली. लोक त्याला उडता तोफखाना म्हणत. तोफ एवढ्या वेगाने नेता येते, तर जखमी का नेता येऊ नये, हा प्रश्न लारे यांना पडला. पहिला विचार होता घोड्यांच्या दोन्ही बाजूंना टोपल्या बांधून त्यांत जखमींना बसवण्याचा. तो लवकरच निरुपयोगी ठरला. मग ते गाडीकडे वळले. गाडी हलकी हवी, मजबूत हवी आणि तिचा माणूस ठेवण्याचा सांगाडा कमानींवर टांगलेला हवा, असे त्यांनी ठरवले. तिचे नाव पडले उडती रुग्णवाहिका.

कमान कशासाठी, हे समजायला मांडीचे मोडलेले हाड डोळ्यांपुढे आणावे. मांडीचे स्नायू ताकदवान असतात. हाड मोडले की ते आखडतात आणि तुटलेली टोके एकमेकांवर ओढून घेतात. ती टोके चिरलेल्या बांबूसारखी धारदार असतात. माणूस स्थिर असला तरी अशा अस्थिभंगात लिटर-दीड लिटर रक्त मांडीतच साठू शकते, बाहेर थेंबही न दिसता. आता त्याला बिनकमानीच्या गाडीत ठेवा. चाक दगडावर चढले की आस उचलला जातो, आसाबरोबर फळ्या आणि फळ्यांबरोबर मांडी. दगड उतरताना तेच सगळे दाणकन खाली येते. प्रत्येक धक्क्याला हाडाचे टोक नव्याने मांस आणि रक्तवाहिन्या फाडते. वेदना वाढते, रक्त जाते, नाडी क्षीण होते. साध्या बैलगाडीतून आणि टांग्यातून एकाच रस्त्याने प्रवास केलेल्या जुन्या माणसांना यातला फरक सांगावा लागणार नाही. टांग्याला कमानी असतात.

कमान म्हणजे एकावर एक ठेवून आवळलेल्या पोलादी पट्ट्या. ट्रकखाली दिसणारे पाटे याच जातीचे. चाक वर उसळले की पट्ट्या वाकतात आणि उसळीची ऊर्जा स्वतःत साठवतात, मग ती सावकाश परत देतात. क्षणात बसणारा हिसका अशा रीतीने जास्त वेळात पसरला जातो, आणि वेळ वाढला की बळ कमी होते. चाक खालीवर नाचते, वरचा सांगाडा जवळपास आपल्या पातळीवर राहतो. त्या काळच्या चांगल्या घोडागाड्यांत सांगाडा वाकड्या कमानींच्या टोकांना चामडी पट्ट्यांनी टांगत. ही सोय होती ती अमीर-उमरावांच्या सवारीला. साध्या शिपायासाठी कमानी लावायच्या, हा विचार नवा होता.

पण कमान लावली की सगळे झाले, असे होत नाही. दाबलेली कमान परत उसळते आणि सांगाडा झुलत राहतो. हे झुलणे कुठेतरी थांबवावे लागते. आजच्या गाडीत ते काम शॉक अ‍ॅब्सॉर्बर करतो. त्यात तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळीची ऊर्जा उष्णतेत विरते. लारे यांच्या काळी हे काम पट्ट्यांचे एकमेकींवरचे घर्षण करी, तेही बेभरवशाचे. पट्ट्या गंजल्या की जाम होतात आणि कमान असून नसल्यासारखी होते. कमान फार मऊ असेल तर गाडी नावेसारखी संथ डोलते. डोलणे जितके संथ तितकी मळमळ जास्त, म्हणून काही जणांना बोट लागते. पोटात जखम असलेल्या माणसाला उलट्या होणे किती धोक्याचे, ते सांगायला नको. समुद्र लागलेल्या लारे यांना हा त्रास चांगलाच माहीत होता.

त्यांच्या छोट्या गाडीला दोन चाके आणि दोन घोडे असत. सांगाडा वरून गोलसर पेटीसारखा, तीन फुटांहून थोडा कमी रुंद, दोन जखमी पाय पसरून झोपतील एवढा. दोन्ही बाजूंना हवेसाठी खिडक्या, पुढे-मागे दारे. आतली फळी छोट्या चाकांवर सरकत बाहेर येई, तिच्यावर केसांची गादी आणि उशी, वरून चामडे. जखमी फळीवर ठेवायचा आणि फळी आत सरकवायची. त्याला पुन्हा उचलण्याची गरज नाही. आजच्या रुग्णवाहिकेचे स्ट्रेचर असेच आत जाते. भिंतींना आतून फूटभर उंचीपर्यंत गादीचे अस्तर होते आणि बाटल्या, पट्ट्या ठेवायला खिसे. मोठी गाडी चार चाकांची, चार घोड्यांची, चार कमानींवर टांगलेली. तिची डावी बाजू जवळजवळ पूर्ण उघडे, म्हणजे जखमीला आडवा ठेवूनच आत घेता येई. सपाट मुलखात छोटी गाडी आणि डोंगराळ भागात मोठी, अशी विभागणी होती.

दोन चाकांच्या गाडीत एक खोट राहतेच. तिचा तोल घोड्याच्या पाठीवर असतो आणि त्याच्या प्रत्येक पावलाचा हेलकावा दांड्यांतून सांगाड्यात येतो. कमान हा हेलकावा अडवू शकत नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात दुचाकी रुग्णवाहिका वापरल्या गेल्या, तेव्हा जखमींनी त्यांच्या नावाने बोटे मोडली आणि अखेर चारचाकीच टिकली. लारे यांनी दुचाकी निवडली ती वेगासाठी. त्यांच्या हिशेबात पहिले काही तास सर्वांत मोलाचे होते, आणि थोडा हेलकावा त्यांना परवडत होता.

त्याच काळात पेर्सी या दुसऱ्या फ्रेंच शल्यचिकित्सकानेही एक गाडी काढली होती. तीत शल्यचिकित्सक घोड्यावर बसल्यासारखे ओळीने बसून रणांगणात जात. डॉक्टर जखमीकडे न्यायचा, ही पेर्सीची कल्पना. जखमीला डॉक्टरकडे आणायचे, ही लारे यांची. पुढे टिकली ती लारे यांची.

१७९७ मध्ये इटलीत त्यांना पूर्ण पथक उभारता आले. ३४० माणसे, तीन तुकड्या, प्रत्येक तुकडीत कमानीच्या १२ हलक्या गाड्या आणि ४ जड गाड्या. पुढच्याच वर्षी इजिप्तची मोहीम आली आणि वाळूत चाके निकामी ठरली. तिथे त्यांनी उंटाच्या दोन्ही बाजूंना पाळण्यासारख्या पेट्या टांगल्या, लवचीक पट्ट्यांनी. चाक गेले तरी टांगण्याचे तत्त्व त्यांनी सोडले नाही.

आधी कोणाला उचलायचे, याचाही त्यांचा नियम होता: ज्याची जखम सर्वांत गंभीर, तो आधी. मग तो सेनापती असो की शिपाई, आपला असो की शत्रूचा. हुद्द्याला सर्वस्व मानणाऱ्या सैन्यात हा नियम पाळणे सोपे नव्हते.

लारे इतक्या घाईने हातपाय का कापत, याचे उत्तरही रस्त्यात आहे. चुराडा झालेला पाय पहिल्या २४ तासांतच कापावा, असा त्यांचा आग्रह होता. अनेक ज्येष्ठ शल्यचिकित्सक काही दिवस थांबावे म्हणत. लारे यांचे एक कारण असे, की जखमीला पुढे कित्येक मैल न्यायचे आहे, आणि सुटी हाडे घेऊन केलेला तो प्रवास मांस आणि मज्जातंतू फाडत नेतो. गाडी कितीही चांगली असो, कमानीला मर्यादा होती. जे अवयव वाचण्याजोगे वाटत, ते ते अंड्याचा पांढरा बलक, कापूर घातलेला मद्यार्क आणि शिशाचा अर्क यांत भिजवलेल्या पट्ट्यांनी घट्ट बांधत. सुकल्यावर त्या ताठ होत आणि हाड जागच्या जागी राहे. भूल द्यायची सोय अजून आली नव्हती; ईथरचा जाहीर वापर १८४६ चा.

१८१२ च्या रशियन मोहिमेत हे सगळे तोकडे पडले. ७ सप्टेंबरला बोरोदिनोच्या लढाईनंतर २४ तासांत त्यांनी सुमारे २०० अवयवच्छेदने केली. स्मोलेन्स्कमध्ये कापूस-कापड संपले तेव्हा दफ्तरखान्यातले कागद पट्ट्यांसाठी वापरले. बोरोदिनोचे बरेच जखमी जवळच्या कोलोत्स्कोये मठात ठेवले होते. माघार घेणारी फौज सात-आठ आठवड्यांनी तिथून गेली, तेव्हा त्यांतले जिवंत असलेले अजून तिथेच होते. नेपोलियनने हुकूम दिला, की प्रत्येक गाडीने त्यांतला एकेक तरी घ्यावा. गाड्या लुटीच्या मालाने भरलेल्या होत्या. जखमींना त्या मालावर, टपावर, जागा मिळेल तिथे ठेवले. नेपोलियनबरोबर असलेल्या कोलँकूर या अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत नोंदवले आहे, की काही गाडीवान मुद्दाम खडबडीत भागातून घोडे पिटाळत, म्हणजे धक्क्याने वरचा माणूस आपोआप खाली पडेल आणि ओझे हलके होईल. त्यासाठी कोणाला शस्त्र उचलावे लागले नाही. लारे यांनी वीस वर्षे ज्या हिसक्याशी झुंज दिली, तोच इथे हत्यार म्हणून वापरला गेला.

बेरेझिना नदीवर पुलासाठी चेंगराचेंगरी झाली तेव्हा लारे शस्त्रक्रियेची हत्यारे आणायला परत मागे गेले होते. गर्दीत अडकलेल्या त्यांना शिपायांनी ओळखले आणि हातांवर उचलून, डोक्यांवरून पुढे-पुढे देत पलीकडे पोहोचवले.

१८१५ मध्ये वॉटर्लूला ते प्रशियनांच्या हाती सापडले. गोळी घालण्याची तयारी झाली होती. त्यांची व्याख्याने ऐकलेल्या एका प्रशियन शल्यचिकित्सकाने त्यांना ओळखले आणि सेनापती ब्ल्यूखरपुढे उभे केले. ब्ल्यूखरच्या मुलावर पूर्वी लारे यांनीच उपचार केले होते. नेपोलियनने मृत्युपत्रात त्यांच्या नावे एक लाख फ्रँक ठेवले.

उतारवयातही त्यांची नोकरी चालूच होती. १८४२ मध्ये, ७५ वर्षांचे असताना, ते अल्जीरियातल्या लष्करी रुग्णालयांच्या तपासणीला गेले. परतीच्या प्रवासात आजारी पडले आणि २५ जुलैला लियाँ शहरात वारले. चित्रकार असलेली त्यांची पत्नी तीनच दिवस आधी गेली होती. त्यांना पॅरिसच्या पेर-लाशेज दफनभूमीत पुरले. १९९२ मध्ये त्यांचे अवशेष तिथून काढून आँव्हालिद इथे नेण्यात आले, जिथे जुन्या लढायांतले अपंग शिपाई राहत असत.