जाब विचारणारी लेखणी : रेचेल कार्सन

मराठी मुलखातील शेतकरी पिकावर फवारायच्या कीटकनाशकाला सहसा ‘औषध’ म्हणतो. ज्याने कीड मरते आणि पीक वाचते, ते त्याच्या दृष्टीने औषधच असते. परंतु तेच द्रव्य मातीत मुरल्यावर, पाण्यात मिसळल्यावर किंवा श्वासावाटे शरीरात गेल्यावर काय करते, हा प्रश्न दीर्घकाळ सामान्य माणसांपर्यंत पोहोचलाच नव्हता. तो जगापुढे ठामपणे मांडण्याचे काम अमेरिकेतील एका मितभाषी लेखिकेने केले. त्यांचे नाव रेचेल कार्सन.

रेचेल कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. मात्र घराभोवती मोकळे रान होते. आई मारिया यांनी आपल्या धाकट्या लेकीला पक्षी, किडे आणि झाडे यांची ओळख करून दिली. लिहिण्याची आवड रेचेल यांना बालपणापासूनच होती. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांची गोष्ट मुलांच्या एका मासिकात छापून आली. महाविद्यालयात त्यांनी प्रथम इंग्रजी साहित्य हा विषय घेतला. पण जीवशास्त्राने त्यांच्या मनाची अशी पकड घेतली की त्यांनी विषयच बदलला. १९३२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळवली.

पुढील शिक्षण घेण्याची इच्छा होती, पण ते दिवस आर्थिक मंदीचे होते. १९३५ मध्ये वडील वारले आणि घराचा भार रेचेल यांच्यावर आला. त्यांनी सरकारच्या मत्स्य विभागात आकाशवाणीसाठी संहिता लिहिण्याचे काम पत्करले. १९३७ मध्ये थोरली बहीण दोन मुली मागे ठेवून निवर्तली. त्या भाच्यांचा सांभाळही रेचेल आणि त्यांची आई यांनी केला. दिवसा नोकरी आणि रात्री लेखन, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

समुद्र हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. १९४१ मधील त्यांचे पहिले पुस्तक युद्धाच्या धामधुमीत मागे पडले. परंतु १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द सी अराउंड अस’ या ग्रंथाने त्यांना कीर्ती मिळवून दिली. दीड वर्षाहून अधिक काळ ते पुस्तक सर्वाधिक खपाच्या यादीत होते. अर्थार्जनाची चिंता मिटल्यामुळे १९५२ मध्ये नोकरी सोडून त्या पूर्णवेळ लेखनाकडे वळल्या.

याच काळात डीडीटी या कीटकनाशकाचा सर्वत्र बोलबाला होता. त्याचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये लक्षात आला. दुसऱ्या महायुद्धात त्याने उवा आणि डास मारून लाखो सैनिकांना व नागरिकांना रोगांपासून वाचवले. युद्ध संपताच ते शेतात, बागांत आणि वस्त्यांवरही फवारले जाऊ लागले. अमेरिकेत तर विमानांतून त्याचा वर्षाव होत असे. खाली कोणाचे घर आहे, कोणाचे तळे आहे, याची विचारपूस कोणी करत नव्हते.

१९५८ साली एका परिचित महिलेचे पत्र रेचेल यांच्या हाती पडले. डास मारण्यासाठी विमानातून केलेल्या फवारणीनंतर तिच्या परिसरातील पक्षी मरून पडले होते. रेचेल यांनी या विषयाचा पाठपुरावा करण्याचे ठरवले. त्यांनी शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार केला, शेकडो शोधनिबंध वाचले, सरकारी अहवाल चाळले. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या तलावाची हकिकत त्यांना विशेष महत्त्वाची वाटली. तेथे चिलटे मारण्यासाठी डीडीटीशी नाते असलेले रसायन अत्यंत विरळ प्रमाणात सोडले होते. १९४९ मध्ये हे प्रमाण सुमारे सात कोटी भाग पाण्यात एक भाग इतके अल्प होते. पुढेही अशी फवारणी झाली. ते विष सूक्ष्मजीवांत साठले, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत वाढले, मग मोठ्या माशांत आणि अखेर मासे खाणाऱ्या पाणपक्ष्यांत पोहोचले. मेलेल्या पक्ष्यांच्या चरबीत त्याचे प्रमाण पाण्यातल्यापेक्षा हजारो पटींनी अधिक भरले. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर विष वाढत जाते, हे यातून स्पष्ट झाले.

हे लेखन सोपे नव्हते. १९५७ मध्ये एक भाची वारली आणि तिच्या पाच वर्षांच्या मुलाला रेचेल यांनी दत्तक घेतले. पुढच्याच वर्षी आई गेली. १९६० मध्ये त्यांना स्वतःला स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया आणि उपचार यांच्या वेदना सोसत त्या लिहीत राहिल्या. आजाराची वार्ता त्यांनी मोजक्या आप्तांपुरतीच ठेवली. ती उघड झाली असती, तर विरोधकांनी त्यांच्या निष्कर्षांना आजारी मनाचा आकस ठरवले असते.

१९६२ च्या सप्टेंबर महिन्यात ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पक्ष्यांच्या गाण्याविना आलेला मुका वसंत, असा त्या नावाचा आशय आहे. रसायन उद्योगाने त्यावर जोरदार टीका केली. त्या स्त्री असल्यावरून, अविवाहित असल्यावरूनही त्यांना हिणवले गेले. रेचेल यांनी शांतपणे पुरावे पुढे ठेवले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने चौकशी केली आणि मे १९६३ च्या अहवालात त्यांच्या प्रतिपादनाला मोठ्या प्रमाणात दुजोरा दिला. त्यानंतर त्यांनी सिनेटच्या समितीपुढेही साक्ष दिली.

रेचेल यांनी सर्वच कीटकनाशकांवर बंदी मागितली नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. अंदाधुंद वापराला त्यांचा विरोध होता. कोणते विष आपल्यावर फवारले जात आहे, हे जाणण्याचा हक्क नागरिकांना असावा, असा त्यांचा आग्रह होता. त्याच त्या विषाच्या माऱ्याने कीटक त्याला दाद देईनासे होतात, असा इशाराही त्यांनी दिला. पर्याय म्हणून त्यांनी किडीचे नैसर्गिक शत्रू आणि बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा उपयोग सुचवला होता.

१४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या अवघ्या छप्पन्नाव्या वर्षी रेचेल कार्सन यांचे निधन झाले. पुढे १९७० मध्ये अमेरिकेत पर्यावरण संरक्षणासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि १९७२ मध्ये तेथे डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी आली. भारतात शेतीसाठी डीडीटी वापरण्यास १९८९ मध्ये मनाई झाली. हिवतापाच्या नियंत्रणासाठी मात्र त्याचा वापर पुढेही होत राहिला.

रेचेल यांनी उल्लेखिलेल्या त्याच जिवाणूचे जनुक शास्त्रज्ञांनी पुढे कपाशीच्या बियाण्यात घातले. त्या जिवाणूच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून या कपाशीला बीटी कापूस हे नाव मिळाले. २००२ मध्ये भारतात त्याच्या लागवडीस परवानगी मिळाली. आरंभी बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या. पण कालांतराने गुलाबी बोंडअळी त्या विषाला पचवू लागली, तसेच रसशोषक किडींसाठी फवारणी करावी लागतच होती. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी आणि शेतमजूर दगावले. दरम्यान, २०१० मध्ये बीटी वांग्याच्या लागवडीला केंद्र सरकारने स्थगिती दिली, ती अनेक शहरांत जाहीर सुनावण्या घेऊन आणि लोकांचे म्हणणे ऐकून.

नवे बियाणे असो वा नवे रसायन, त्याचा लाभ कोणाला, धोका कोणाला आणि सुरक्षिततेचा पुरावा कोणता, असे विचारण्यासाठी शास्त्रज्ञच असावे लागते असे नाही. पाठीवर पंप घेऊन शेतात उतरणाऱ्या मजुरालाही तो अधिकार आहे. रेचेल कार्सन यांनी हे शास्त्र सर्वांना उमजेल अशा भाषेत लिहिले, ते या अधिकाराचा वापर सर्वांना करता यावा म्हणूनच.