घड्याळ लावून लिहिणारा कादंबरीकार

पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, समोर घड्याळ ठेवायचे आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचे. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलॉप यांनी हा नेम वर्षानुवर्षे पाळला.

१८१५ मध्ये लंडनमध्ये जन्मलेल्या ट्रोलॉप यांचे बालपण वडिलांच्या कर्जबाजारीपणामुळे हलाखीत गेले. आई फ्रान्सिस यांनी घरातील आजाऱ्यांची शुश्रूषा करीत लेखणीच्या बळावर संसार सावरला. १८३४ मध्ये ट्रोलॉप टपाल खात्यात कारकून झाले. नोकरी सांभाळून लिहायचे, तर पहाटेखेरीज वेळ नव्हता. वेळेवर उठवून कॉफी आणून देणाऱ्या जुन्या नोकराला ते वर्षाला पाच पौंड जादा देत. रोज लिहिलेल्या पानांची नोंद वहीत होई. रिकामा गेलेला दिवस डोळ्यांत सलावा, हा हेतू. ‘बार्चेस्टर टॉवर्स’चा बराचसा भाग तर त्यांनी कामानिमित्तच्या प्रवासात, आगगाडीत पेन्सिलीने लिहिला. अशा रीतीने ४७ कादंबऱ्या सिद्ध झाल्या.

१८८२ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रातून हा हिशेब उघड झाला आणि प्रतिभेला घड्याळाशी जुंपणारा कारागीर, अशी त्यांची संभावना झाली. कादंबऱ्या मात्र टिकल्या. त्या आजही वाचल्या जातात.