कचेरी सुटल्यावरचे विज्ञान

मोठे संशोधन म्हटले की आपल्यापुढे अवाढव्य इमारती आणि कोट्यवधींची यंत्रे उभी राहतात. मला मात्र आठवते ती कलकत्त्याच्या बोबाजार रस्त्यावरील एक जुनी वास्तू. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकांकडून देणग्या जमवून तिथे विज्ञानसंस्था काढली. हेतू एवढाच, की भारतीयांना स्वतःच्या हाताने प्रयोग करता यावेत. १९०४ मध्ये सरकार गेले, तेव्हा प्रयोगशाळा जवळजवळ ओसच होती.

१९०७ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन हा अवघा अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण सरकारी हिशेबखात्यात अधिकारी म्हणून कलकत्त्यास आला. त्याने संस्थेचे दार ठोठावले, ते आशुतोष डे यांनी उघडले. हेच आशुबाबू पुढे त्याचे प्रयोगातील सोबती झाले. सकाळी कचेरीआधी आणि संध्याकाळी कचेरीनंतर प्रयोग, असा क्रम दहा वर्षे चालला. १९१७ मध्ये रामन यांनी भरपगारी नोकरी सोडून कमी वेतनाचे प्राध्यापकपद पत्करले. घरची जबाबदारी असलेल्या माणसाला हा निर्णय किती जड जातो, हे आपल्याला सांगायला नको!

१९२१ मधील सागरी प्रवासात भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना कोड्यात टाकले. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखवले. मग शिष्यांसह एकामागून एक द्रव तपासणे सुरू झाले. हाती काय लागेल, याची शाश्वती नव्हती. के. एस. कृष्णन यांच्यासह साठेक द्रव पाहून झाले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी स्पष्ट झाले, की विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पसा भाग रंग बदलून येतो. प्रकाश आणि रेणू यांच्यात ऊर्जेची देवघेव होते. प्रत्येक रेणूची खूण वेगळी. १९३० चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या रामन यांना मिळाले.

या थोर माणसाची एक बाजू मला खटकते. १९३३ मध्ये बंगळूरच्या संस्थेचे संचालक असताना त्यांनी मुंबईच्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर जाचक अटींवर त्यांना प्रवेश मिळाला आणि त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले. ज्याच्यासाठी कुणीतरी दार उघडले होते, त्यालाही दुसऱ्यासाठी दार उघडायला शिकावे लागले.

रामन १९७० मध्ये गेले. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या यानावरही त्यांच्या शोधावर चालणारी उपकरणे आहेत. आपल्या घरात एखादे मूल निरुपयोगी वाटणारी खटपट करत असेल, तर त्याला लगेच हटकू नये, असे मला वाटते.