सातबाऱ्यावरचा कोरा रकाना आणि तीन वर्षं नाही, आयुष्यभर त्याच्याशी भांडलेला एडगर कॉड

शिरूर कासारकडचं एखादं घर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं. रानात ज्वारी असते, पण रब्बीची पीक पाहणी राहून जाते. सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा. आता कोऱ्याचा अर्थ काय घ्यायचा? पीकच नाही, की पीक आहे पण नोंद नाही?

कम्प्युटरने याचं उत्तर कसं द्यावं, यावर डोकं खपवलेला माणूस म्हणजे एडगर कॉड.

जन्म १९२३ चा, इंग्लंडमधल्या पोर्टलंड बेटावरचा. सात भावंडांत सगळ्यात धाकटे. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकले, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात विमान चालवलं आणि नंतर अमेरिकेत आयबीएममध्ये लागले. तिथे सिनेटर मॅकार्थींनी कम्युनिस्ट शोधायची मोहीम उघडली, ती न पटल्यामुळे १९५३ मध्ये सरळ कॅनडाला निघून गेले. काही वर्षांनी परतले आणि चाळिशीत पीएचडी केली.

१९७० मध्ये त्यांचा गाजलेला पेपर आला. तोवर माहिती कुठे, कोणत्या वाटेने ठेवलीय हे प्रोग्रामरलाच माहीत असावं लागायचं. कॉड म्हणाले, माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, काय हवंय ते विचारा, वाट मशीन शोधेल. आयबीएमचा जुना डेटाबेस जोरात चालला होता, त्यामुळे कंपनीला घाई नव्हती. १९७९ मध्ये लॅरी एलिसन यांच्या कंपनीने ओरॅकल विकायला काढलं. १९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

त्यांच्या कल्पनेतला 'व्ह्यू' आपल्याला नवा नाही. सातबारा जमीन गटाप्रमाणे दाखवतो, आठ-अ खातेदाराप्रमाणे. जमीन तीच, बघायच्या खिडक्या दोन. म्हणून बदल करायचा तर उताऱ्यावर खाडाखोड चालत नाही, फेरफार लागतो. आठ-अवरचं एकूण क्षेत्र कुणी नुसतंच कमी केलं, तर ते कोणत्या गटातून वजा करायचं? १९८५ च्या आपल्या प्रसिद्ध १२ नियमांत (मोजणी शून्यापासून, म्हणजे खरं तर १३) कॉड यांनी अट घातली की जो व्ह्यू तत्त्वतः बदलता येतो, तो सिस्टिमला बदलता आलाच पाहिजे. कोणता बदलता येतो हे ठरवणंच अवघड निघालं.

कोऱ्या रकान्यालाही त्या यादीत वेगळा नियम होता. कोरं म्हणजे शून्य नाही, रिकामा शब्दही नाही. त्याला नाव 'नल'. त्यासोबत उत्तरं तीन झाली: हो, नाही आणि माहीत नाही.

यातली गोम बघा. ज्वारी असलेले गट मागितले, तर आपलं कोरं रान यादीत येत नाही. ज्वारी नसलेले मागितले, तरी येत नाही. दोन्ही याद्या जोडून कुणी सगळं गाव मोजलं, तर ते रान गावातून गायब. चूक मशीनची नाही, तिसरी यादी कुणी मागितलीच नाही.

कॉड यांचे सहकारी ख्रिस डेट यांना नल मुळातच नको होता, त्यावर दोघांचा जाहीर वाद झाला. कॉड मागे हटले नाहीत. उलट १९९० च्या पुस्तकात त्यांनी दोन कोरे मांडले: एक, माहिती आहे पण कळलेली नाही, दुसरा, इथे ती लागूच होत नाही. पेरलेल्या रानाचा कोरा रकाना वेगळा, पडीक रानाचा वेगळा.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात कॉड यांचं निधन झालं. एसक्यूएलने त्यांचा दुसरा कोरा घेतला नाही. तिथे आजही नल एकच आहे.