विश्लेषण : बलून उतरतानाच धोका का वाढतो? नादार यांच्या अपघाताचा धडा काय?

नादार कोण होते?
फेलिक्स तुर्नाशों ऊर्फ नादार (१८२०-१९१०) हे पॅरिसचे नामवंत छायाचित्रकार. १८५८ मध्ये बलूनमधून पहिले हवाई छायाचित्र टिपण्याचा मान त्यांचा. १८६३ मध्ये त्यांनी ‘ल जेआं’, म्हणजे ‘महाकाय’, हा प्रचंड वायूचा बलून बांधला. त्याला वेताची दुमजली खोली होती.

अपघात कसा झाला?
१८ ऑक्टोबर १८६३ रोजी नादार पत्नी एर्नेस्टीन व इतर प्रवाशांसह पॅरिसहून निघाले. रात्र सुखरूप गेली. सकाळी जर्मनीत हॅनोवरच्या परिसरात उतरताना मात्र सोसाट्याच्या वाऱ्याने घात केला. नांगर टिकले नाहीत, वायू झटपट बाहेर पडेना. शिडासारख्या फुगलेल्या बलूनने प्रवाशांना कित्येक किलोमीटर फरफटत नेले. पती-पत्नी गंभीर जखमी झाले, पण सगळे बचावले.

पुढे काय?
नादार खचले नाहीत. १८७० मध्ये वेढ्यात अडकलेल्या पॅरिसमधून बलूनने टपाल पाठवण्यात ते आघाडीवर होते.

आज काय काळजी घेतात?
धोका उंचीपेक्षा जमिनीलगतच्या वाऱ्याचा. म्हणून आजच्या गरम हवेच्या बलूनमध्ये हवा झटकन सोडण्यासाठी माथ्यावर मोठी झडप असते. उतरताना प्रवाशांनी प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून, गुडघे वाकवून आतल्या दोऱ्या घट्ट धरायच्या. पायलटने सांगेपर्यंत टोपलीबाहेर पाय ठेवायचा नाही. वजन घटले की बलून पुन्हा उचलला जातो.