वेदीवरचे अर्पण आणि गरिबाची भाकर

अन्याय करणाऱ्यांचे सारे सुरळीत चालते आणि सरळ माणसाच्या वाट्याला हाल येतात, मग देवाचा न्याय आहे तरी कुठे? हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी विचारलेला असतो. कोर्टाच्या फेऱ्या मारून थकलेला माणूस तो विचारतो, मजुरी बुडालेला कामगार विचारतो. योबनेही तो विचारला आणि स्तोत्रकर्त्यांनीही. या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देण्याऐवजी आज आम्ही एका धर्मगुरूचे जीवन आपल्यापुढे ठेवत आहोत. त्यांना हा प्रश्न सुरुवातीला पडलाच नव्हता, कारण ते स्वतः अन्याय करणाऱ्यांमध्ये सुखाने बसलेले होते. त्यांचे नाव फादर बार्तोलोमे दे लास कासास.

बार्तोलोमे यांचा जन्म स्पेनमधील सेव्हिल शहरात १४८४ साली झाला. वडील व्यापारी होते. १४९३ साली कोलंबस पहिल्या सफरीहून परतला, तेव्हा त्याने सोबत आणलेले दूर बेटांवरचे लोक आणि रंगीबेरंगी पोपट पाहायला सेव्हिलमध्ये गर्दी लोटली होती. त्या गर्दीत लहानगा बार्तोलोमेही होता. त्याच वर्षी वडील कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीवर गेले आणि काही वर्षांनी परत येताना त्यांनी मुलासाठी एक स्थानिक मुलगा गुलाम म्हणून आणला. पुढे राणी इझाबेलाने अशा लोकांना मायदेशी परत पाठवण्याचा हुकूम काढला आणि तो मुलगा परत गेला. गुलामीशी बार्तोलोमे यांची पहिली ओळख ही अशी, घरातच झाली.

१५०२ साली ते स्वतः हिस्पॅनियोला बेटावर गेले. आज या बेटावर हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक हे देश आहेत. तिथे एन्कोमियेंदा नावाची पद्धत रूढ झाली होती. राजाच्या वतीने गावेच्या गावे स्पॅनिश वसाहतवाल्यांच्या ताब्यात दिली जात. मालकाने त्या लोकांना ख्रिस्ती धर्माचे शिक्षण द्यावे आणि लोकांनी त्याच्यासाठी राबावे, असे कागदावर होते. प्रत्यक्षात धर्मशिक्षण नावापुरते आणि वेठबिगारी पुरेपूर! सोन्याच्या खाणीत आणि शेतात माणसे उपाशीपोटी राबून मरत होती. युरोपातून आलेल्या रोगांनी उरलेल्यांचा बळी घेतला.

बार्तोलोमे यांनाही जमीन आणि माणसे मिळाली. पुढे त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १५१० साली त्यांनी त्याच बेटावर आपली पहिली मिस्सा अर्पण केली. धर्मगुरू झाले तरी राबणारी माणसे त्यांच्याकडे होतीच. ते क्रूर मालक नव्हते. आपल्या माणसांना बऱ्यापैकी वागवतो, एवढ्यावर त्यांचे मन समाधानी होते.

एक प्रवचन आणि एक नकार

त्याच वर्षी बेटावर डॉमिनिकन संघाचे मोजके धर्मगुरू आले. त्यांनी लोकांचे हाल डोळ्यांनी पाहिले आणि आपसात विचारविनिमय करून एक प्रवचन तयार केले. सर्वांनी त्यावर सह्या केल्या आणि ते देण्याची जबाबदारी फादर अंतोनिओ दे मोंतेसिनोस यांच्यावर सोपवली. दिवस होता २१ डिसेंबर १५११, आगमनकाळाचा चौथा रविवार. पुढच्या बाकांवर राज्यपाल दिएगो कोलंबस आणि बेटावरचे सारे प्रतिष्ठित बसले होते. ही माणसे नाहीत काय, कोणत्या अधिकाराने तुम्ही त्यांना असे राबवता, असा जाब फादर मोंतेसिनोस यांनी भर मिस्सेत विचारला. या स्थितीत तुमचे तारण होणार नाही, असेही बजावले. संतापलेले लोक मठावर चालून गेले आणि पुढच्या रविवारी शब्द मागे घ्या म्हणून त्यांनी दबाव आणला. पुढच्या रविवारी फादर पुन्हा उभे राहिले आणि आधीपेक्षा कडक बोलले. एवढेच नव्हे, तर माणसे ताब्यात ठेवणाऱ्यांना प्रायश्चित्त संस्कार मिळणार नाही, असेही जाहीर केले.

त्या काळात फादर बार्तोलोमे एका डॉमिनिकन धर्मगुरूकडे पापनिवेदनाला गेले. तुम्ही माणसे बाळगता, म्हणून पापक्षमा देता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी वाद घातला, पण नकार कायम राहिला. एका धर्मगुरूला पापक्षमा नाकारली गेली! ते परत आले, माणसे मात्र सोडली नाहीत. पण तो नकार मनात कुठेतरी रुतून बसला.

पुढे ते स्पॅनिश सैन्याबरोबर धर्मगुरू म्हणून क्यूबा बेटावर गेले. तिथे हातुए नावाच्या स्थानिक प्रमुखाला १५१२ साली जिवंत जाळण्यात आले. मरण्याआधी त्याला बाप्तिस्मा घेण्यास सांगितले गेले. स्वर्गात ख्रिस्ती लोक जातात का, असे त्याने विचारले. होकार मिळताच, मग मला तिथे जायचे नाही, असे तो म्हणाला. ही हकिकत फादर बार्तोलोमे यांनीच पुढे लिहून ठेवली. काओनाओ नावाच्या गावात तर त्यांच्या डोळ्यांदेखत कत्तल झाली. घोडे पाहायला कुतूहलाने जमलेल्या, सैनिकांना खायला आणून देणाऱ्या निःशस्त्र लोकांवर अचानक तलवारी चालल्या. अडवण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण ऐकतो कोण? आणि एवढे पाहूनही, क्यूबात नवी जमीन आणि नवी माणसे मिळाली तेव्हा त्यांनी ती स्वीकारली.

सिराखच्या ग्रंथाचे पान

१५१४ साली पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण जवळ आला होता. फादर बार्तोलोमे प्रवचनाची तयारी करत होते. जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथाचा ३४ वा अध्याय त्यांच्यापुढे आला. अन्यायाने मिळवलेल्या वस्तूचे अर्पण देव स्वीकारत नाही, गरिबाच्या तोंडची भाकर काढून घेणे म्हणजे त्याचा जीव घेणे आहे, मजुराची मजुरी बुडवणारा रक्त सांडतो, असा त्या ओळींचा आशय आहे. हा शास्त्रपाठ त्यांनी आधीही वाचला असेल. पण त्या दिवशी त्यांना त्यात स्वतःचा चेहरा दिसला. वेदीवर आपण जी भाकर अर्पण करतो ती कोणाच्या कष्टाची? तो मजूर उपाशी आहे आणि त्याच्या घामाचे अर्पण आपण देवापुढे ठेवत आहोत!

काही दिवस त्यांनी विचार आणि वाचन केले. मग राज्यपाल दिएगो व्हेलाझकेझ यांच्याकडे जाऊन आपल्या ताब्यातील सर्व माणसे परत करत असल्याचे सांगितले. १५ ऑगस्ट १५१४ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, त्यांनी प्रवचनात हे सर्वांसमोर जाहीर केले आणि ऐकणाऱ्यांनाही तसेच करण्याचे आवाहन केले. त्यांनी आधी स्वतःचे हात रिकामे केले आणि मग दुसऱ्यांना सांगितले. हा क्रम आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो.

पुढची ५२ वर्षे ते या एकाच कामासाठी जगले. महासागर ओलांडून ते वारंवार स्पेनला गेले, राजदरबारी निवेदने दिली. १५१६ साली कार्डिनल सिस्नेरोस यांनी त्यांची मूळ रहिवाशांचे संरक्षक म्हणून नेमणूक केली. शांततेने शेती करणारी वसाहत वसवण्याचा त्यांचा प्रयत्न व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर पुरता फसला. खचलेल्या मनाने १५२२ साली त्यांनी डॉमिनिकन संघात प्रवेश केला आणि पुढची काही वर्षे अभ्यासात घालवली.

पुढे ग्वाटेमालातील एका भागात त्यांनी वेगळाच प्रयोग केला. स्पॅनिश सैन्याला तो प्रदेश जिंकता आला नव्हता, म्हणून त्याला युद्धभूमी म्हणत. एकही सैनिक आत येणार नाही, अशी लेखी हमी त्यांनी १५३७ साली राज्यपालांकडून घेतली. मग तारणाची कथा स्थानिक भाषेतील गीतांत रचून ती व्यापाऱ्यांना शिकवली आणि त्यांच्याद्वारे शुभवर्तमान आत पोहोचवले. त्या प्रदेशाला पुढे व्हेरापाझ, म्हणजे खरी शांती, हे नाव मिळाले. त्याच १५३७ साली पोप पॉल तिसरे यांनी जाहीर केले की हे लोक पूर्ण अर्थाने माणसे आहेत आणि श्रद्धेबाहेर असले तरी त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही.

१५४२ साली सम्राट चार्ल्स पाचवे यांनी नवे कायदे काढले. त्यांनुसार नव्याने कोणालाही गुलाम करता येणार नव्हते आणि एन्कोमियेंदा वारशाने मुलांकडे जाणार नव्हती. फादर बार्तोलोमे यांच्या श्रमाचे हे मोठे फळ होते. १५४४ साली त्यांना मेक्सिकोतील चियापास धर्मप्रांताचे बिशप म्हणून अभिषेक झाला. आपल्या धर्मप्रांतात पोहोचताच, १५४५ च्या प्रायश्चित्तकाळात, त्यांनी आदेश दिला की जो गुलामांना मुक्त करणार नाही आणि लुबाडलेले परत करणार नाही त्याला पापक्षमा मिळणार नाही. एकेकाळी जो नकार त्यांनी स्वतः पचवला होता, तोच आता त्यांनी आपल्या लोकांपुढे ठेवला. शहर खवळले. हत्यारे घेऊन लोक बिशपांच्या घरात घुसले. तिकडे पेरूमध्ये वसाहतवाल्यांनी बंड केले आणि सम्राटांनी १५४५ मध्येच वारशासंबंधीचे कलम मागे घेतले. १५४७ साली बिशप स्पेनला परतले, ते कायमचेच.

१५५० आणि १५५१ साली व्हायादोलिद शहरात विद्वानांच्या मंडळापुढे एक गाजलेला वाद झाला. हुआन हिनेस दे सेपुल्वेदा यांचे म्हणणे होते की काही लोक निसर्गतःच दास असतात आणि त्यांच्यावर युद्ध करणे न्याय्य आहे. पासष्टी ओलांडलेल्या बिशप बार्तोलोमे यांनी पाच दिवस आपले उत्तर वाचून दाखवले. सर्व मानवजात एक आहे, सर्वांना विवेक आहे, सर्वांसाठी ख्रिस्त मेला, हे त्यांचे सार होते. मंडळाने स्पष्ट निकाल दिलाच नाही.

त्यांच्या हातून झालेली चूक

या जीवनातील एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. आपल्या प्रिय लोकांचे ओझे हलके व्हावे म्हणून त्यांनी १५१६ साली आणि नंतरही आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना केली होती. ती प्रथा त्यांच्याआधीच सुरू होती, तरी सूचना ती सूचनाच. पुढे पोर्तुगीज लोक आफ्रिकेत माणसांची शिकार कशी करतात हे त्यांना कळले, तेव्हा त्यांना आपली चूक उमगली. आफ्रिकी लोकांची गुलामगिरी इतरांच्या गुलामगिरीइतकीच अन्याय्य आहे, असे त्यांनी आपल्या इतिहासग्रंथात लिहिले. आपले अज्ञान देवाच्या न्यायासनापुढे आपल्याला वाचवील याची आपल्याला खात्री नाही, असेही लिहून ठेवले. एकाचे अश्रू पुसताना दुसऱ्याला रडवणे हाही अन्यायच, हे ते अशा कडू मार्गाने शिकले.

१५५२ साली त्यांनी मूळ रहिवाशांवरील अत्याचारांचे वर्णन करणारे छोटे पुस्तक छापले. त्यातील आकडे फुगलेले आहेत असे पुढच्या अभ्यासकांनी म्हटले, पण अत्याचार घडले हे कोणी नाकारू शकले नाही. १५६४ साली मृत्युपत्रात त्यांनी इशारा दिला की या पापांबद्दल स्पेनला देवाच्या कोपाला सामोरे जावे लागेल. १८ जुलै १५६६ रोजी माद्रिद येथील मठात त्यांनी देह ठेवला. २००० साली त्यांना धन्यवादित घोषित करण्याच्या प्रक्रियेस आरंभ झाला.

आपल्यासाठी

प्रिय भाविकांनो, या जीवनातून देवाच्या न्यायाबद्दल आम्हांला काय दिसते? देवाचा न्याय आकाशातून वीज पडावी तसा आला नाही. तो एका प्रवचनातून आला, एका धर्मगुरूच्या नकारातून आला, पवित्र शास्त्राच्या एका पानातून आला. अन्याय करणाऱ्याला नष्ट करण्याआधी देव त्याला जागे करू पाहतो. आणि जागा झालेला माणूसच मग देवाच्या न्यायाचे साधन होतो. फादर बार्तोलोमे यांनी तलवार उचलली नाही. लेखणी, कायदा, प्रवचन आणि संस्कार एवढीच त्यांची हत्यारे होती. ते अनेकदा हरले, पण थांबले नाहीत.

दुसरी गोष्ट, क्षमा आणि परतफेड यांची ताटातूट करता येत नाही. जक्कयच्या घरी तारण आले त्या दिवशी त्याने लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले होते. पापनिवेदनाला जाताना आपण रागावलो, प्रार्थना चुकवली, हे आठवणीने सांगतो. पण घरकामाला येणाऱ्या बाईचे कापलेले पैसे, शेतावरच्या मजुराची थकवलेली मजुरी, सही घेऊन गिळलेला बहिणीचा वाटा, बांध सरकवून घेतलेली शेजाऱ्याची जमीन, हे आपल्या यादीत असते का? आपण त्यांना बऱ्यापैकी वागवतो, असे समाधान आपलेही असते. फादर बार्तोलोमे यांचेही होते.

येत्या रविवारी अर्पणविधीच्या वेळी दान देण्यासाठी हात पुढे करण्याआधी आपण प्रत्येकाने एक क्षण थांबून विचारावे, या हातात कोणाचे काही राहून गेले आहे का? राहिले असेल तर ते आधी त्याच्या घरी पोहोचते करू या. मग वेदीकडे येऊ. आपल्या अर्पणाची देव वाट पाहत आहेच, पण त्याआधी तो त्या गरिबाच्या दारात आपली वाट पाहत उभा आहे.